अधिकचं चिन्ह

परवा शाळेची वेबसाइट नव्यानं करायला बसलो. जुनं सॉफ्टवेअर बंद पडलं आणि जे नवं आलं ते त्याच्याहून सोपं आहे म्हणतात. जुन्यात निदान चौकटी ओढून जागेवर सोडाव्या लागत. नव्याला माणसाला तेवढीही तकलीफ द्यायची नाही. ते एकेक प्रश्न विचारतं, आपण उत्तर द्यायचं, आणि चहा निवेपर्यंत वेबसाइट तयार. शाळेचं नाव? टाकलं. गाव? टाकलं. आवडता रंग? निळा. मग एक रिकामी चौकट आली : संस्थापक किती?

मी खुर्ची मागं सरकवली.

खिल्लारे सरांनी नोकरीच्या सबंध काळात ‘रिकाम्या जागा भरा’ हा प्रश्न पेपरात एकदाही काढला नाही. “आळशी मास्तरानं आळशी पोरांसाठी काढलेली सोय हाय ती,” म्हणायचे. “सगळं वाक्य आपनच लिहायचं, एक शब्द पोरानं टाकायचा, अन् म्हनायचं पोराला येतंय!” ते गणित शिकवायचे. पोरांनी सिद्धता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्वतः लिहायची, आणि ती शुद्ध लिहायची. गणिताच्या पेपरात शुद्धलेखनाचा अर्धा मार्क कापणारा मास्तर आमच्या सेनगाव तालुक्यात तो एकच असावा. चुकलेल्या शब्दाखाली रेघ, आणि बाजूला बारीक अक्षरात वजा चिन्ह काढून अर्धा. पालक भांडायला यायचे. “सर, उत्तर तर बराबर हाय ना?” सर म्हणायचे, “उत्तर बराबर हाय. पोरगं बराबर न्हाई.”

बोलणं मात्र असं, गावातल्या कुठल्याही माणसासारखं. मी एकदा विचारलं, सर, तुम्ही स्वतः ‘न्हाई’ म्हणता अन् पोरांचा अर्धा मार्क कापता, हे कसं? म्हणाले, “बोलावं मायसारखं, लिहावं पुस्तकासारखं. दोन्हीत लाज न्हाई. लाज अर्धवटाची.”

शर्टाच्या खिशात कायम खडूचे तुकडे. खिसा पांढरा झालेला, पेन कधी कधी विसरलेलं. एकदा वाशिमहून परत येताना आम्ही कनेरगाव नाक्याला जेवायला थांबलो. ढाब्याच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘शुद्ध शाखाहारी’. सर बसायच्या आधीच उठले, ‘खा’ पुसला आणि खडूनं ‘का’ केला. ढाबेवाला गल्ल्यावरून ओरडला, “ओ मास्तर, काहून खोडून राहिले?”

“शाखा म्हंजे फांदी,” सर म्हणाले. “तुझ्याकडं शेळ्या येतात का जेवाला?”

ढाबेवाला हसला. सर हसले नाहीत. त्यांना विनोद करायचाच नव्हता.

शाळा आम्ही पाच जणांनी काढली. अण्णा, म्हणजे अध्यक्ष, जमीन त्यांची. त्यांचे मेव्हणे सचिव झाले. एक मुख्याध्यापक. मग खिल्लारे सर, आणि मी. मला आणलं ते सरांनीच. मी तेव्हा सेनगावात तहसीलसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचो. सर एक अर्ज घेऊन आले, शाळेच्या परवानगीचा, त्यांच्याच हातचा. तो टाइप करताना मी एक ओळ बदलली. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि म्हणाले, “ही ओळ माझ्यापेक्षा बरी हाय. चला आमच्यासंगं. खुर्ची न्हाई, फळा न्हाई, पोरं हायत.”

फळाही त्यांनीच केला. अण्णांच्या शेतातल्या टिनाच्या खोलीची एक भिंत त्यांनी लिंपून घेतली. गावभर फिरून बॅटरीचे संपलेले सेल गोळा केले, आतला कोळसा कुटला, धोत्र्याच्या पाल्याच्या रसात कालवला आणि तीन दिवस भिंतीला हात देत राहिले. कोपरापर्यंत काळे झाले होते. तसेच पोरं गोळा करायला वस्त्यांवर गेले. एका आजीनं दारातून विचारलं, “काय रे बाबा, काय इकून राहिला?” सर म्हणाले, “इकून न्हाई राहिलो, माय. मागून राहिलो. तुमची नात द्या.” आठवड्यानं ती नात पहिल्या बाकावर होती. बाक नव्हता, पोतं होतं.

हे सगळं लिहितोय ते शाळा कोणाची, हे कळावं म्हणून.

पुढं शाळा चालली, नावारूपाला आली. कोणीतरी अण्णांच्या डोक्यात घातलं, की हिंगोलीतल्या सगळ्या शाळांची वेबसाइट आहे. अण्णांनी मला बोलावलं, कारण संगणक शिकवणारा मी. संगणक मी शिकवत होतो म्हणजे पोरांच्या पुढं एक धडा होतो, एवढंच. वेबसाइट मला कुठं येत होती? पण जाहिरातच तशी होती : काहीही येत नसलं तरी येईल. मला ते वाक्य फार आवडलं. काहीही येत नसणाऱ्या माणसाला एवढ्या मानानं आजवर कोणी बोलावलं नव्हतं.

सॉफ्टवेअरात तयार साचे होते. शाळेच्या साच्यांमध्ये मराठी अक्षरं तुटून दिसत, म्हणून मी ज्यात ती धड दिसली तो साचा घेतला. तो हॉटेलचा निघाला. मला वाटलं, नावं बदलली की झालं. दुपारी शाळा सुटल्यावर ऑफिसात बसून मी चौकटी ओढायचो, आणि खिल्लारे सर शेजारी स्टुलावर बसून बघायचे. त्यांचं ते बघणं म्हणजे पर्यवेक्षकाचं.

“हे तर रिकाम्या जागा भरा झालं की, कॉम्पुटरसर!” पहिल्याच दिवशी म्हणाले. मला ते कॉम्पुटरसर म्हणत. लाडानं नाही.

पहिल्या पानावर सॉफ्टवेअरनं स्वतःच एक फोटो टाकला होता. निळ्या कोटातली गोरी-गोरी लेकरं, हातात पृथ्वीचा गोल, दात सगळ्यांचे सरळ. सर उठले, कपाटातून आठवीचं हजेरीपत्रक घेऊन आले आणि पडद्यापुढं उभं राहून हजेरी घ्यायला लागले. “ए निळ्या कोटा, नाव काय तुझं? गैरहजर. अन् तू, गोल धरलेली? गैरहजर.” सगळ्यांना गैरहजर लावून पत्रक मिटलं. “सगळी शाळा गैरहजर हाय. करा सुरू वेबसाइट.”

तेवढ्यात पडद्यावर हिरवी बरोबरची खूण आली : अभिनंदन! तुमची वेबसाइट जवळजवळ तयार आहे.

“काय केलं तुमी आता?” सरांनी विचारलं.

“काही नाही. रंग बदलला.”

“अन् त्याच्यावर शाबासकी! असा मास्तर पोरं बिघडवतो.”

आणि ते खरं ठरलं. वेबसाइट सुरू झाल्यावर तीन महिने मुख्य पानाच्या खाली ‘टेबल बुक करा’ असं बटण होतं आणि ‘आमच्याविषयी’ या मथळ्याखाली ‘येथे तुमचा मजकूर लिहा’ असं लिहिलेलं होतं. तीन महिन्यांत अण्णांसकट सगळ्यांनी वेबसाइटची तारीफ केली. कोणीही ती वाचली नव्हती. वाचली फक्त सरांनी. शिक्षकांच्या खोलीत येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, “आठवी ब मधलं खिडकीजवळचं टेबल बुक करा माझ्या नावानं. अन् भाजी गरम ठेवा.”

एक गोष्ट मात्र त्यांना आवडली. मी स्नेहसंमेलनाचे फोटो टाकत होतो. साच्यात तीनच चौकटी होत्या, आणि मी बघता बघता सात केल्या. सर पुढं वाकले. “सातवी कुठून आनली?”

मला शिकवायची संधी क्वचित मिळायची. मी मोठ्या रुबाबात दाखवलं. “चौकटीवर बाण नेला, सर, की खाली अधिकचं बारीक चिन्ह येतं. ते दाबलं की तशीच आणखी एक.”

“कितीबी?”

“कितीही.”

“अधिक!” सर म्हणाले. “चला, गनितातलं एक तरी चिन्ह वळखतंय.”

हे त्यांनी पाहिलं होतं. मी दाखवलं होतं. हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो.

साच्यात पुढं एक पट्टा होता : ‘आमचे आचारी’. चार गोल, गोलात चार टोप्या घातलेली तोंडं, प्रत्येकाखाली ‘अधिक वाचा’ असं बटण. बटण दाबून कुठंच जाता येत नव्हतं. मी मथळा खोडून ‘आमचे आधारस्थंभ’ टाकला आणि फोटो टाकायला लागलो. अण्णा, मेव्हणे, मुख्याध्यापक, आणि चौथा मी. सरांचा फोटो हातात होता. पाचवा गोल करणार, तोच अण्णा मागं येऊन उभे राहिले.

“वा! कसे रांगेत दिसून राहिले चौघं,” म्हणाले. “पाचवा टाकला तर खाली लोंबंल ना?”

“खिल्लारे सर राहिले, अण्णा.”

“त्यायचं बघू पुढं. सर काय, आपलेच हाईत.”

बस्स. एवढंच. जातीचा शब्द कोणी काढला नाही. बुद्धवाड्यातला मास्तर पाटलाच्या रांगेत नको, असं अण्णा उभ्या जन्मात तोंडानं बोलले नसते. आमच्याकडं हे न बोलता कळतं, आणि न बोलता पाळलं जातं, आणि मग कोणी काही बोललंच नाही म्हणून कोणाचाच दोष नसतो. यापेक्षा सोपं सॉफ्टवेअर अजून निघायचं आहे. मी “व्हय” म्हणालो. माझा स्वतःचा गोल मी त्यांना देऊ शकलो असतो. हे मला आज सुचलेलं नाही, तेव्हाच सुचलं होतं. पण त्याच रात्री माझ्या आईनं मोबाइलवर त्या गोलातला माझा फोटो बघितला होता.

दुसऱ्या दिवशी सर स्टुलावर येऊन बसले. पट्टा बघितला. त्यांनी गोल मोजले. गणिताचा माणूस, ओठ हलवून मोजले.

“चारच?”

“सॉफ्टवेअरमध्ये चारच बसतात, सर.”

त्यांनी पडद्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, “असं हाय व्हय. सॉफ्टवेअरच तसं हाय, तर तुमी तरी काय करसान.”

मला हायसं वाटलं. इतका मी मूर्ख होतो, की त्यांना पटलं असं समजलो.

पुढं ते वाक्य त्यांनी सोडलं नाही. हिंगोलीच्या कार्यक्रमाला अण्णांची जीप निघाली आणि सरांना एसटीनं यायला सांगितलं, तर म्हणायचे, “सॉफ्टवेअरमध्ये चारच बसतात.” पाहुण्यांबरोबर पहिल्या पंक्तीला बसायला कोणी बोलावलं नाही, तर ताट हातात घेऊन ओट्यावर बसायचे आणि शेजारच्याला सांगायचे, “मी बसत न्हाई बाबा सॉफ्टवेअरात.” नवीन आलेल्या शिक्षकांना वाटे, हा म्हातारा काहीतरी संगणकाचं बोलतो. मला समजायचं. मी दर वेळी चपलेच्या अंगठ्याकडं बघायचो.

मग नवी इमारत झाली. कोनशिला करायची ठरली. मजकूर काय द्यायचा म्हणून मी वेबसाइटवरचा तो पट्टा छापला आणि कागद हिंगोलीच्या पाथरवटाकडं पाठवून दिला. पाथरवट इमानदार माणूस. कागदावर जे होतं ते त्यानं दगडात कोरलं. सगळं.

उद्घाटनाला पाहुण्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला, टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर पुढं उभ्या असलेल्या आठवीच्या पोरींपैकी एकीनं, सरांच्या वर्गातली होती, मोठ्यानं वाचायला घेतलं. आमचे आधारस्थंभ. अण्णांचं नाव. अधिक वाचा. मेव्हण्यांचं नाव. अधिक वाचा. मुख्याध्यापकांचं नाव. अधिक वाचा. माझं नाव.

काळ्या दगडात, सोनेरी रंग भरून, चार वेळा. अधिक वाचा.

अख्खं मैदान हसलं. अण्णा लाल झाले. माझ्या कानशिलाजवळ येऊन म्हणाले, “काय करून ठेवलं रे हे?” मेव्हणे पाथरवटाला फोन लावायला लागले. कागदावर चूक झाली तर नवा कागद काढता येतो, सॉफ्टवेअरात मागं घ्यायचा बाण असतो. दगडाला तो नसतो.

सर एका कडेला उभे होते. ते काही हसले नाहीत. माझ्याजवळून जाताना म्हणाले, “बरं झालं. वाचनाऱ्याला कळंल, अजून हाय म्हनून.”

चार दिवसांनी रंगाऱ्याकडून लांबी भरून ती अक्षरं बुजवली. वर काळा रंग दिला. पण पावसाळ्यात भिंतीला ओल आली की लांबीचा रंग वेगळा दिसतो आणि ‘अधिक वाचा’ पुन्हा वर येतं, आधीपेक्षा फिकट, पण वाचता येण्याजोगं.

त्यानंतर दोन वर्षांनी सर निवृत्त झाले. गेल्या वर्षी ते वारले. मी तेव्हा गावात होतो. गेलो. लोकांच्या मागं उभा राहिलो आणि आलो. आणि परवा ती चौकट आली, संस्थापक किती. मी पाच टाकलं. पाच गोल लगेच आले, काही लोंबलं नाही, सॉफ्टवेअरनं आपणहून ते नीट मांडले. चार फोटो जुन्या वेबसाइटवरून आपोआप आले; पाचवा तिथं नव्हताच, तर त्या जागी राखाडी डोकं येऊन बसलं. खाली : अभिनंदन!

सर परीक्षेत म्हणायचे, “घंटा झाल्यावर लिहिलेलं मी वाचत न्हाई.” मला माहीत आहे. पण एक गोष्ट अजून कोणाला सांगितलेली नाही, ती या कागदावर सांगून टाकतो.

त्यांच्या निरोप समारंभाच्या दिवशी. शाल झाली, नारळ झाला, अण्णांचं भाषण झालं. “सर म्हंजे आमच्या घरातलेच.” लोक पांगल्यावर सर शाल तशीच खांद्यावर घेऊन ऑफिसात आले.

“कॉम्पुटरसर, ती वेबसाइट दाखवा एकदा. बदलाची असते ना, तशी उघडा.”

मी उघडली. ते स्टुलावर नाही, माझ्या खुर्चीत बसले. माउस हातात घेतला; खडू धरावा तसा, वरून. बाण हळूहळू खाली आणला. अण्णांचा गोल, मेव्हण्यांचा, मुख्याध्यापकांचा, माझा. माझ्या गोलावर थांबवला. गोलाच्या खाली अधिकचं बारीक चिन्ह आलं.

सरांनी ते बघितलं. मी ते बघितलं. त्यांनी बोट उचललं, दाबलं नाही. बाण बाजूला नेला, चिन्ह गेलं. पुन्हा आणला, पुन्हा आलं.

“हाय म्हना की,” म्हणाले, आणि उठले.

मी संगणक बंद करायला लागलो.

खिडकीतून दिसलं, ते जाता जाता कोनशिलेपुढं थांबले. ओल होती, बुजवलेली अक्षरं दिसत होती. त्यांनी नारळ काखेत धरला आणि खिशातून खडू काढला. वाटलं, आता नाव लिहिणार. त्यांना हक्कच होता; पण मला भीती वाटली ती अण्णांची. अण्णा अजून मागच्या अंगणात पाहुण्यांशी बोलत होते.

सरांनी काहीतरी लिहिलं, खडू खिशात टाकला आणि फाटकाकडं चालू लागले. मी पळत गेलो.

नाव नव्हतं. ‘आधारस्थंभ’मधल्या ‘थ’वर तिरकी रेघ होती, वर सुबक ‘त’ काढलेला होता. शब्दाखाली रेघ. बाजूला, बारीक अक्षरात, वजा अर्धा.

स्पेलिंग माझं होतं. वेबसाइटवर मीच टाइप केलं होतं. सॉफ्टवेअरनं त्याखाली कधी लाल रेघ ओढली नव्हती. त्याला मराठी येत नव्हतं. ज्याला येत होतं तो रोज त्या दगडासमोरून गेला आणि निवृत्तीपर्यंत थांबला.

मागच्या अंगणातून अण्णांचा आवाज जवळ येत होता. मी रुमाल काढला, थुंकी लावून ओला केला आणि ते पुसलं. आधी वजा, मग अर्धा, मग ‘त’.

वर बघितलं तर सर फाटकापाशी वळून उभे होते. शाल, काखेत नारळ, खिसा पांढरा. त्यांनी सगळं बघितलं होतं.

“भिऊ नका, कॉम्पुटरसर,” तिथूनच म्हणाले. “अर्धाच कापला. पास हाय तुमी.”